भंडारा जिल्ह्यातील हत्तीरोग आणि उतारवय

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानशेतीचा म्हणून ओळखला जातो. परंतु वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या सूत्रकृमीमुळे होणाऱ्या व क्युलेक्स डासामार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगानेही पूर्व विदर्भातील या भागात दीर्घकाळ ठाण मांडलेले आहे. यासाठी तलावांना बोल लावणे सोपे असले, तरी हा डास मुख्यतः गटारे व सांडपाण्याच्या डबक्यांत वाढतो. संसर्ग बहुधा बालपणीच होतो, लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतींतील द्रव वाहून नेणाऱ्या नलिका, हळूहळू निकामी होतात आणि पायाची सूज किंवा अंडवृद्धी प्रौढपणी प्रकट होऊन म्हातारपणी कायमची सोबत करते.

टिमोथी लुईस या डॉक्टरांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या कृमीची पिल्ले पाहिली. ती प्रामुख्याने रात्री रक्तप्रवाहात उतरत असल्याने आरोग्य कर्मचाऱ्यांना रक्तनमुने रात्रीच गोळा करावे लागतात. देशात १९५५ पासून हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००४ पासून सामुदायिक औषधोपचार, म्हणजे निरोगी दिसणाऱ्यांनाही वर्षातून एकदा डीईसी हे कृमिविरोधी औषध देणे, ही पद्धत व्यापक झाली. पुढे तिला अल्बेंडाझोल या जंतनाशकाची जोड मिळाली.

मात्र जुनाट सूज गोळीने ओसरत नाही. पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, भेगांवर मलम लावणे आणि बसताना पाय उंचावर ठेवणे हाच तिचा उपाय असून, पावसाळ्यात रोवणीसाठी दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या वृद्ध मजुरांना तो पाळणे सर्वांत अवघड जाते. अंडवृद्धी मात्र शस्त्रक्रियेने बरी करता येते.