बारा वर्षांची मेख

बदलीच्या नोकरीत अनेक वर्षे परप्रांतात गेली. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आला, की घरमालक तो पुढे चालू ठेवील ना, ही धाकधूक घरापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना नवी नाही. बिहारमध्ये जमिनीचे जुने कायदे अभ्यासताना हीच धाकधूक मला रयतेच्या इतिहासात भेटली.

१७९३च्या कायमधाऱ्याने बंगाल-बिहारच्या जमीनदारांचा सारा कायमचा ठरला. रयतेचा हक्क मात्र संदिग्धच राहिला. १८५९च्या दहाव्या कायद्याने बारा वर्षे जमीन कसणाऱ्या रयतेला, खंड भरत असेपर्यंत, त्याच जमिनीवर भोगवट्याचा हक्क दिला. मेख होती ती 'त्याच जमिनीवर' या अटीत. बारा वर्षे भरण्यापूर्वीच जमीनदार पट्टा नव्याने देण्याचे नाकारीत, किंवा कुळाला दुसऱ्या शेतावर हलवीत.

१८८५च्या बंगाल कुळकायद्याने ही पळवाट बुजविली. एकाच गावात कोणतीही जमीन बारा वर्षे कसली तरी पुरे, असे ठरले. शिवाय ती वर्षे भरली आहेत असे गृहीत धरून, भरली नसल्याचे सिद्ध करण्याचा भार जमीनदारावर टाकला. मला हे कलम सर्वांत मोलाचे वाटते. कारण दप्तर जमीनदाराच्या कचेरीत असे, रयतेच्या झोपडीत नव्हे.

तथापि, त्याच रयतेने ठेवलेल्या पोटकुळाला हे संरक्षण नव्हते. लेखी पट्ट्याची मुदत सरली, की त्याला काढता येई. कायद्याने एका पायरीवर पुसलेली धाकधूक खालच्या पायरीवर तशीच उरली.