ओटागो व्यायाम कार्यक्रम

वृद्धांचे पडणे कमी व्हावे म्हणून न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या डनेडिन येथील वैद्यकीय विद्याशाखेत तयार झालेला व्यायामक्रम. वार्धक्यवैद्यकाचे प्राध्यापक जॉन कॅम्पबेल, संशोधक क्लेअर रॉबर्टसन आणि फिजिओथेरपिस्ट मेलिंडा गार्डनर यांनी तो १९९० च्या दशकात आखला. वय झाले की माणूस पडायचाच, ही समजूत घट्ट रुजलेली आहे आणि तिच्यामुळे अनेकांवर वेळीच उपाय होत नाहीत. पायांतले बळ आणि शरीराचा तोल ऐंशीनंतरही सुधारू शकतात, हे या कार्यक्रमाने दाखवले.

व्यायाम एकूण १७ आहेत. बळासाठीचे ५ व्यायाम मांडी, कंबर, पोटरी व घोट्याचे स्नायू घडवतात. त्यांतल्या काहींसाठी घोट्याला वजनाचा पट्टा बांधतात. तोलासाठीचे १२ : एका पायावर उभे राहणे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत चालणे, मागे चालणे, इंग्रजी आठाच्या आकारात वळत चालणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे इत्यादी. सुरुवातीला आधाराला भक्कम टेबल किंवा ओटा असतो. तोल सावरू लागला की हा आधार सोडायचा. हा टप्पा भीतीपोटी टाळला जातो, पण तोलाची थोडी परीक्षा झाल्याशिवाय तो सुधारत नाही. व्यायाम आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी सुमारे अर्धा तास; शिवाय दोनदा चालणे. फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षित परिचारिका घरी येऊन माणसागणिक व्यायाम ठरवते व पुढच्या भेटींत ते वाढवते.

पहिली मोठी चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ८० वर्षांवरील २३३ स्त्रिया होत्या. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटात ८८ वेळा, तर दुसऱ्या गटात १५२ वेळा पडण्याच्या घटना घडल्या. पुढे चार चाचण्यांतील १,०१६ जणांची माहिती एकत्र केली, तेव्हा पडणे सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. सर्वाधिक लाभ ऐंशी ओलांडलेल्या आणि आधी पडलेल्या व्यक्तींना झाला. दृष्टी फार अधू असलेल्या वृद्धांच्या चाचणीत मात्र व्यायामापेक्षा घरातले अडथळे दूर करणे अधिक उपयोगी ठरले. त्या चाचणीत व्यायामाचा फायदा तो नेमाने करणाऱ्यांपुरताच दिसला.

मूळ कार्यक्रम घरी करायचा असला, तरी त्यातून सामूहिक वर्गही उभे राहिले. एज कन्सर्न ओटागो या संस्थेच्या वर्गांत प्रशिक्षित मार्गदर्शकाने घडी बसवून दिली की पुढे गटातलीच एखादी ज्येष्ठ व्यक्ती वर्ग चालवते. ब्रिटनमध्ये डॉन स्केल्टन यांनी विकसित केलेला ‘फेम’ हा गटवर्ग बळ व तोलाच्या व्यायामांत एका फार मोलाच्या गोष्टीची भर घालतो : जमिनीवर उतरणे आणि पुन्हा उठणे. पडल्यावर उठता न आल्याने तासन्‌तास जमिनीवर पडून राहिलेल्यांना अंगावर जखमा, शरीरातील पाणी कमी होणे, गारठा असे त्रास होतात. पुन्हा पडण्याची धास्ती तर घराबाहेर पडणेच बंद करते. आधी कुशीवर वळायचे, मग हातांवर व गुडघ्यांवर येऊन खुर्चीपर्यंत जायचे आणि तिच्या आधाराने उठायचे, हा क्रम वर्गात टप्प्याटप्प्याने घटवून घेतात.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या व्यायाम व पडणे यांविषयीच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या होत्या. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. ओटागोमध्येही चालणे येते ते तोलाच्या व्यायामांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नव्हे.