ताम्रपट, पोथी आणि छापील गाथा

माउलींनो, अक्षर जपण्याचे साधन बदलले की शब्द कोणाच्या घरी नांदतो, तेही बदलते. याची साक्ष आपल्या वाशीम जिल्ह्यातच आहे.

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. येथील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीमलाच सापडला आणि १९३९ साली विद्वानांपुढे आला. राजाची वंशावळ संस्कृतात, पण दानाचा व्यवहार प्राकृतात कोरलेला. तांबे शतकानुशतके टिकले. मात्र तो लेख दान मिळालेल्यांच्या घरचा. गावाने तो वाचावा अशी सोय नव्हती.

पुढे कागद आला. कारंजा लाडच्या जैन भांडारांत हस्तलिखिते निष्ठेने जपली गेली. पण प्रत हाताने उतरायची, म्हणून पोथी बासनात आणि बासन भांडारात. १९३० नंतर डॉ. हिरालाल जैन आदी पंडितांनी त्यांतील अपभ्रंश काव्ये संपादून छापली, तेव्हा ती दूरच्या वाचकाच्या हाती पडली.

तुकोबारायांची गाथा वह्यांत आणि टाळकऱ्यांच्या कंठात होती. मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले. विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या साहाय्याने जुन्या वह्या ताडून पाहिल्या, आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली दोन भाग निघाले. चार हजारांवर अभंग एकत्र आले. कीर्तनकाराचा चरण चुकला तर समोरचा शेतकरी गाथा उघडून दाखवू लागला. हा छापखान्याचा केवढा उपकार!

तरीही १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा छापील गाथा उपलब्ध असूनही पाठांतराची शिस्त सोडली नाही. कारण ग्रंथ शब्द सांभाळतो. चाल, ठेका आणि भाव कंठानेच सांभाळावे लागतात.

आता सारी गाथा मोबाईलमध्ये आहे. अर्थ पाहायला, पाठ ताडायला ती अवश्य वापरा. पण भजनात उभे राहून एका हाती मोबाईल धरला की टाळ मुका होतो. टाळाला दोन हात लागतात, माउली! म्हणून दर एकादशीला एक अभंग पाठ करा. वर्षाला चोवीस होतील. पुढच्या वारीत तेवढ्यांना तरी पडद्याची गरज उरणार नाही.

रामकृष्णहरी.