रिकाम्या वेळेचा इतिहास

संगणकाचा इतिहास सांगताना आपण त्याचा वेग सांगतो. काम नसताना तो काय करतो, हे सहसा कुणी विचारत नाही. गेली काही वर्षे मी याच प्रश्नाच्या मागे आहे.

सुरुवात उपनगरातूनच करता येते. पवईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत मदतीने उभी राहिली आणि पुढच्या दशकात तिथे मिन्स्क संगणक आला. त्या काळी संगणक एवढा महाग, की त्याने रिकामे बसणे म्हणजे नुकसानच.

घरोघरी संगणक आले आणि हे गणित उलटले. आपण टाइप करतो तेव्हा दोन अक्षरांमधला जवळजवळ सगळा वेळ प्रोसेसर रिकामाच असतो. थांबण्याची आज्ञा इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ मध्येही होती. पण तिच्यामुळे काही लॅपटॉप गोठत, म्हणून विंडोज ९५ ती वापरत नसे. काम नसले तरी प्रोसेसर चालूच राही.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणले. त्यात झोपेच्या पायऱ्या ठरल्या. सी-० म्हणजे काम, सी-१ म्हणजे डुलकी, सी-२ आणि सी-३ म्हणजे आणखी गाढ झोप. झोप जितकी गाढ तितकी वीज कमी, पण जागे व्हायला वेळ जास्त.

लिनक्सपुढे वेगळीच अडचण होती. त्याच्या कर्नलचे घड्याळ सेकंदाला १०० ठोके देई. २००३ च्या २.६ आवृत्तीत ते १००० झाले. दर ठोक्याला झोपमोड! एप्रिल २००७ च्या २.६.२१ मध्ये रिकाम्या वेळचे ठोके बंद करण्याची सोय झाली. त्याच वर्षी व्यंकटेश पल्लीपाडी, शाओहुआ ली आणि अॅडम बेले यांनी ओटावाच्या परिषदेत 'सीपीयूआयडल' मांडले. जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये ते कर्नलमध्ये आले.

त्याचे तत्त्व अंधेरीच्या फलाटावर समजते. इंडिकेटरवर गाडी दोन मिनिटांवर असेल तर बाकावर टेकावे, चहाला बाहेर जाऊ नये. कर्नलही पुढचे ठरलेले काम आणि मागचा अनुभव पाहून अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर झोपेत वाचलेल्यापेक्षा झोपण्या-उठण्यातच जास्त वीज जाते.

कोणती पायरी किती वेळा वापरली, याची नोंद कर्नल ठेवतो. मुलुंडला घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी ती वाचतो. काही चालू नसताना बहुतेक वेळ सर्वात गाढ झोपेत जातो. ब्राउझर नुसता उघडा ठेवला तरी झोपमोड वाढते.

गाढ झोप बंदही करता येते. शेअर व्यवहारांत मायक्रोसेकंदाला किंमत असते, म्हणून तिथल्या अतिवेगवान सर्व्हरवर ती मुद्दाम बंद ठेवण्याची पद्धत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने २०१० मध्ये दलालांचे सर्व्हर आपल्या आवारात ठेवण्याची सोय केली, तेव्हापासून ही शर्यत आपल्या शेजारीच आली.

मिन्स्कच्या काळी रिकामेपण परवडत नसे, कारण यंत्र महाग होते. या सर्व्हरना झोप परवडत नाही, कारण क्षण महाग झाला आहे. जागे राहण्याच्या विजेचा हिशेब मात्र अजून वेगळा मांडला जात नाही. पुढचा इतिहास तिथून लिहावा लागेल.