रामकुंड

रामकुंड : महाराष्ट्रातील गोदावरीकाठचे प्रसिद्ध स्नानतीर्थ. नाशिक शहराच्या (लोकसंख्या १४,८६,०५३ — २०११) पंचवटी भागात, नाशिकरोड रेल्वे स्थानकापासून सु. १० किमी. वर. लांबी सु. २७ मी. व रुंदी सु. १२ मी. गोदावरी येथे दक्षिणवाहिनी होते, म्हणून येथील स्नानाचे माहात्म्य अधिक मानतात. वनवासात राम येथे स्नान करीत असे, अशी श्रद्धा आहे. नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे येथेच.

इ. स. १६९६ मध्ये खटावचे जमीनदार चित्रराव खटावकर यांनी हे कुंड बांधले. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली. परिसरात सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, अहिल्याकुंड इ. कुंडे आहेत. कुंडातील अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात, असा समज असल्याने देशभरातून लोक अस्थिविसर्जनासाठी येतात. घाटावरच्या कपालेश्वर मंदिरात शिवासमोर नंदी नाही. जवळच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तीर्थाचे वर्णन करताना ही गोष्ट गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यात वैष्णव आखाडे येथे, तर शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी पर्वणीच्या दिवशी कुंडाकडे येणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले. २०१५ च्या सिंहस्थात गर्दी विभागण्यासाठी नदीच्या खालच्या अंगाला नवे घाट वापरात आणले गेले.

स्नानाइतकीच पोहण्याची परंपरा जुनी आहे. जलतरण तलाव बांधले जाण्यापूर्वी नाशिकची मुले पाठीला डबा बांधून गंगेतच पोहायला शिकत. पावसाळ्यात पट्टीचे पोहणारे होळकर पुलावरून (१८९५) सूर मारीत. दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही येथील लोकांची पूरमापक खूण : पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधतात. १९६९, २००८, २०१६ व २०१९ चे पूर मोठे होते. २०१६ साल विशेष लक्षात ठेवण्याजोगे : एप्रिलमध्ये कुंड कोरडे पडून टँकरने पाणी आणावे लागले आणि ऑगस्टमध्ये तेच कुंड पुराखाली गेले. २००३ च्या सिंहस्थापूर्वी कुंडांच्या तळाशी काँक्रीट घातल्याने नैसर्गिक झरे बुजले, असे गोदाप्रेमींचे म्हणणे आहे व ते रास्त आहे. ज्या कुंडाला स्वतःचे पाणी राहिले नाही, ते वरच्या गंगापूर धरणाच्या आवर्तनावरच अवलंबून राहणार. सांडपाण्यामुळेही उन्हाळ्यात येथील पाणी पोहण्यास योग्य राहत नाही.

पौरोहित्य, पूजासाहित्य व तांब्या-पितळेची भांडी यांवर परिसराचा व्यापार चालतो. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो.

पोहण्याची हौस असणाऱ्यांना त्र्यंबक रस्त्यावरील महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव अधिक सोयीचा. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना पाणी थोड्या वेळात चढते; अशा वेळी पट्टीच्या पोहणाऱ्यानेही कुंडात उतरू नये.