ब्रुकलाइनचा शनिवार

अमेरिकेतील बॉस्टन शहराला लागून असलेल्या ब्रुकलाइन या गावी १८८२ साली स्थापन झालेला 'कंट्री क्लब' हे त्या काळी धनिकांचे विहारस्थान होते, आणि त्याच्या गोल्फच्या मैदानावरील सतराव्या होलसमोर, केवळ एक रस्ता ओलांडला की, एका माळ्याचे घर लागे. त्या माळ्याचा मुलगा फ्रान्सिस विमेट लहानपणी याच मैदानावर सभासदांच्या काठ्यांची पिशवी वाही, म्हणजे कॅडीचे काम करी. पुढे तो क्रीडासाहित्याच्या दुकानात नोकरीला लागला आणि १९१३ च्या सप्टेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी, हौशी खेळाडू म्हणून अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत उतरला.

त्याची पिशवी ज्याने वाहायची तो पोरगा शाळा चुकवल्याबद्दल हजेरीच्या अंमलदाराच्या हाती सापडला. तेव्हा त्याचा धाकटा भाऊ एडी लाउरी, वय वर्षे दहा, स्वतःही शाळेला दांडी मारून बदली म्हणून हजर झाला. त्या दिवसांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: लांब ढांगा टाकणारा विमेट, आणि त्याच्या शेजारी जवळजवळ आपल्याएवढीच पिशवी खांद्यावर घेतलेला हा पोर.

चार फेऱ्यांअखेर विमेट, हॅरी वार्डन आणि टेड रे या तिघांचे ३०४ असे समान फटके भरले. वार्डन व रे दोघेही जर्सी बेटाचे. वार्डनने ब्रिटिश खुली स्पर्धा तोवर पाच वेळा जिंकलेली, तर रे तिचा आदल्या सालचा विजेता. निकाल शनिवारी, २० तारखेला, तिघांच्या जादा फेरीने लागायचा होता.

त्या सकाळी, मैदान पावसाने चिंब झालेले असताना, एका परिचित गृहस्थाने अशी तजवीज सुचविली की, इतक्या बिकट प्रसंगी पिशवी एखाद्या जाणत्या माणसाकडे द्यावी. एडीला पैसेही देऊ केले गेले. त्याने घेतले नाहीत. विमेटने त्याच्याकडे पाहिले तो पोराचे डोळे भरून आलेले. आणि पिशवी एडीकडेच राहिली. व्यवहारी माणूस याला भाबडेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. कारण ज्या भूमीवर आपण लहानाचे मोठे झालो तिची माहिती सांगायला विमेटला जाणकार नकोच होता, त्याला हवा होता तो आपल्याविषयी तिळमात्र शंका नसलेला सोबती. चेंडूवरची नजर हलू देऊ नकोस, एवढेच एडीचे गोल्फशास्त्र, आणि तेच तो पुनःपुन्हा बजावीत राही.

पहिल्या नऊ होलांनंतर तिघेही ३८ वर होते. दहाव्यावर विमेट एका फटक्याने पुढे सरकला. सतराव्यावर, म्हणजे घरासमोरच, एका फटक्याने मागे असलेल्या वार्डनने वळणाचा रस्ता तोडून आडवा मारण्याचे धाडस केले, त्याचा चेंडू वाळूत रुतला आणि त्याला पाच फटके लागले. विमेटने तिनांतच काम उरकले. अखेरीस विमेट ७२, वार्डन ७७, रे ७८.

पुढे १९१६ साली, क्रीडासाहित्याचे दुकान काढल्याच्या सबबीवर विमेटचा हौशी दर्जा काढून घेण्यात आला, आणि तो अन्याय १९१८ साली दूर झाला. १९५१ साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शन्ट क्लबाचे कप्तानपद भूषविणारा तो पहिला अमेरिकन ठरला. एडी सॅन फ्रान्सिस्कोत मोटारींच्या व्यापारात गबर झाला, पण त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. १९६७ साली विमेट वारला, तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत एडी लाउरी होता.