ओल्या खड्ड्यावरच्या ठिगळाची कुळकथा

सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराजांनी जव्हारजवळच्या शिरपामाळावर मुक्काम केला, असं सांगतात. सुरत लुटली ती जानेवारी 1664 मध्ये. फौजा तेव्हा दसऱ्यानंतर, वाटा वाळल्यावर निघत. आज मात्र अडलेल्या बाळंतिणीला भर आषाढात मोखाड्याहून नाशिकला न्यावं लागतं. खड्डा पावसातच बुजवायची निकड इथली आहे.

फोडलेल्या खडीचे थर देऊन पाणी बाजूला काढायची रीत स्कॉटलंडच्या मॅकॲडमची; 1816 पासून त्यानं ब्रिस्टलकडचे रस्ते तसे केले. पुढे मोटारींच्या रबरी चाकांनी खडीतली बारीक भर उडवली, तेव्हा डांबर आलं. पण गरम डांबरमिश्रण दीडशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. घाट चढेपर्यंत ते निवतं, आणि ओल्या दगडाला धरत नाही.

तोड 1922 मध्ये निघाली. इंग्लंडमध्ये मॅके आणि ‘हे’ नावाच्या दोन रसायनज्ञांनी रस्त्यासाठी डांबराच्या इमल्शनचं पेटंट मागितलं. डांबराचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवायचे. भट्टी नको, सरपण नको. पिंपातून ओतताना ते चॉकलेटी दिसतं. पाणी सुटलं की काळं पडतं, आणि तोवर त्यावर खडीमिश्रण टाकायचं नसतं. नंतर धनभारित इमल्शन आलं. ओल्या दगडावर ऋणभार असतो, म्हणून ते त्यालाही चिकटतं.

आपल्याकडे मुकुंदराव जयकरांच्या 1927 च्या रस्ते समितीमागोमाग 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिनं 2014 मध्ये इमल्शनच्या थंड मिश्रणाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. मुंबई महापालिकेनं आधी इस्रायल-ऑस्ट्रियाहून थंड मिश्रण आणवलं, मग वरळीच्या प्लँटात स्वतः बनवलं. ते पुष्कळ स्वस्त पडलं.

बिलात सर्वांत स्वस्त दिसतो मुरूम. पण पहिल्या मोठ्या सरीत तो वाहून जातो आणि तोच खड्डा पुन्हा भरावा लागतो. माझ्या मते सगळ्यांत महाग माल तोच. खड्डा चौकोनी कापा, गाळ झाडा, इमल्शनचा हात द्या, मिश्रण थराथरानं धुम्मसानं ठोका. शेजारचं गटार तुंबलेलं असेल, तर आधी ते मोकळं करा. जव्हार-मोखाड्यात खडी जवळच मिळते. इमल्शनची पिंपं मात्र मृगाआधी तालुक्याला पोचलीच पाहिजेत.